आधी जेवण, मग अध्यक्ष

फेल्डहोवन,
२ सप्टेंबर २०२५

प्रिय राजनदादा,
सा. न.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वहिनीकडून कळलं. पाय वर ठेवून पडून राहा आणि हे पत्र सावकाश वाच. फोन सोडून कागदावर का लिहितेय, असं तुला वाटेल. आपल्या मराठी मित्रमंडळात सध्या कुणाला काहीही मेसेज केला, की तासाभरात त्याचा स्क्रीनशॉट या डच गावात, सगळ्या फेल्डहोवनभर फिरतो. मागच्या आठवड्यात मी मंजूषाताईंना नुसतं 'बघू' लिहिलं होतं. त्या 'बघू'चे दोन अर्थ काढून दोन गट झाले. म्हणून पोस्ट.

तू इथून बटाट्यांवर संशोधन करायला वाखनिंगनला गेलास, पण मंडळाची घटना तुझ्याच हातची आहे. आठवतंय ना? अध्यक्ष निवडताना आधी सगळ्या सभासदांचा कौल घ्यायचा आणि मग आपण पाच संस्थापकांनी बसून अध्यक्ष ठरवायचा. श्रीकांतकाकांनी आपल्याला तेव्हा 'आधारस्तंभ' असं नाव दिलं. तू, मी, काका, मंजूषाताई आणि दत्ता. आजवर दर वेळी एकच उमेदवार असायचा, त्यामुळे आपल्याला चहा पिऊन सही करण्यापलीकडे काम नव्हतं.

यंदा नवीन मंडळी म्हणाली, निदान दोन उमेदवार तरी हवेत. काकांचा उमेदवार ठरलेला होता, अभिजित. हुशार मुलगा आहे, कंपनीत मोठे प्रोजेक्ट सांभाळतो आणि मंडळाची पाच वर्षांची योजना त्याने स्लाइड्सवर करून आणली आहे. मग काका दुसरा उमेदवार शोधायला लागले. असा, की जो नक्की हरेल. तसा एक त्यांना सापडला. "नावापुरता उभा राहा रे, तुला काही करायचं नाही," असं त्याला सांगितलं.

रविवारी गणपतीचं जेवण होतं. आधी काकांचं प्रास्ताविक, मग अभिजितच्या स्लाइड्स. दोन वाजून गेले. पोरं रडायला लागली, एका आजोबांना साखर कमी झाल्यासारखं वाटायला लागलं. मग हा दुसरा उमेदवार माइकपाशी गेला. त्याने हॉलच्या मागच्या टेबलांकडे बघितलं, म्हणाला, "मसालेभात गार होतोय," आणि खाली उतरला.

दादा, असा टाळ्यांचा कडकडाट मी आपल्या मंडळात कधी ऐकला नव्हता. जेवणं झाल्यावर लगेच मतदान होतं. अभिजितला पडलेली मतं मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त झाली. बाकी सगळी त्या मसालेभाताला.

तो दुसरा उमेदवार म्हणजे आपला आशुतोष. माझा नवरा.

आता मला सांग, घटनेत तू लिहिलंयस, "आधारस्तंभ सभासदांचा कौल लक्षात घेऊन अध्यक्षाची निवड करतील." लक्षात घेऊन म्हणजे काय? मान्य करून, की नुसतं लक्षात ठेवून? ४ ऑक्टोबरला आपली बैठक आहे आणि काका म्हणतात, एवढ्या मोठ्या मंडळाची जबाबदारी भातावर सोपवता येत नाही.

तुझी,
मृदुला


वाखनिंगन,
६ सप्टेंबर २०२५

चि. मृदुला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून एवढा हसलो की फिजिओथेरपिस्ट बाई बाहेरून आत आल्या. आशुतोषरावांचं अभिनंदन कर!

'लक्षात घेऊन'ची कथा सांगतो. मी पूर्वी दोन वर्षं आयोवात होतो ना, तिथे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची सुरुवात जवळून बघितली. पक्षाचा उमेदवार कोण, हे आधी साधे मतदार गावोगाव मत देऊन सांगतात. पण एका पक्षात काही जुनीजाणती मंडळी अशी असायची, की ज्यांना अधिवेशनात आपल्या मर्जीने मत देता येई. लोकांनी एकाला कौल दिला आणि या मंडळींनी दुसऱ्याचा हात वर केला तर काय, यावर माझ्या लॅबमध्ये रोज भांडणं व्हायची. मला ती पद्धत फार भारदस्त वाटली. म्हणून आपल्या मंडळाला लावली. तेव्हा आपले सभासद अकरा होते आणि त्यातले पाच आपणच, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मसुदा करताना मंजूषाताई म्हणाल्या, "कौल मान्य करून" असं लिहा. श्रीकांतराव म्हणाले, "कौल विचारात घेऊन". तेवढ्यात कुणीतरी पुरणपोळ्या वाढल्या, आणि मी मधलं काहीतरी लिहून टाकलं.

पण माझं मत विचारशील तर त्यात शंकाच नाही. लोकांना विचारायचं आणि मग आपल्याला हवं तेच करायचं, तर विचारायचं कशाला? ज्यांनी मत दिलं ती काही लहान मुलं नाहीत. भात गार होत होता हे सत्य होतं, ते एकाने सांगितलं आणि लोकांनी त्याला निवडलं. जगात यापेक्षा वाईट कारणांनी माणसं निवडून येतात. श्रीकांतरावांना माझं हे मत कळव. मला येता येणार नाही, मी माझं मत पत्रानेच देईन.

दिवाळीच्या कार्यक्रमातल्या माझ्या व्याख्यानाची तयारी चालू आहे. बटाट्यावरचा करपा, भाग चौथा. यंदा रंगीत चित्रं आहेत.

तुझा,
राजनदादा


फेल्डहोवन,
१३ सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,

तुझं पत्र मी काकांना वाचून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू त्या पुरणपोळ्या मीच वाढल्या होत्या.

इथे प्रकरण फार पुढे गेलंय. आशुतोषच्या समर्थकांना वाटतंय की आपण पाचजण त्यांचा कौल गिळणार. म्हणून ते आंदोलन करतात. पण त्यांचा नेता एकच वाक्य बोलून निवडून आलाय, त्यामुळे घोषणा देणं त्यांना तत्त्वात बसत नाही. ते सायकलवरून येतात, एकेका आधारस्तंभाच्या घरासमोर बुटक्या भिंतीवर ओळीने बसतात, डबे उघडतात, जेवतात आणि सगळं पुसून निघून जातात. काकांच्या समोरच्या डच बाईंनी खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, तक्रार केली. तिथला माणूस आला, त्याने विचारलं, तुमची मागणी काय? त्यांनी त्याला साबुदाणा वडा दिला. त्याने वही काढून 'मागणी नाही' असं लिहिलं आणि दुसरा वडा घेतला.

आमच्या प्रियाने स्टिकर केलेत. डचमध्ये 'एअर्स्ट एतन', म्हणजे आधी जेवण. मी तिला म्हटलं, अगं, तुझ्या बाबांना अध्यक्ष करायचं म्हणजे गंमत नाही. ती इंग्रजीत म्हणाली, "आई, हे बाबांबद्दल नाहीच आहे. ही चळवळ आहे." आणि कॉलेजला गेली.

आता माझं खरं दुखणं सांगते. दादा, तू म्हणतोस लोकांचं ऐका. पण लोकांनी त्याला अर्धं मिनिट बघितलंय, मी पंचवीस वर्षं बघतेय. आमच्या मागच्या शेडची एक भिंत निळी आहे आणि तीन अजून करड्या आहेत. पुढच्या पॅसेजमध्ये एक सामानाची सायकल सुटी करून ठेवलीय, तिच्यावरून उड्या मारत आम्ही जेवायला जातो. त्याचा विभाग बंद होऊन नोकरी गेली, त्याला आता वर्ष होईल. तेव्हापासून तर सकाळी आवरून बाहेर पडतो तो दुपारी घामाघूम होऊन येतो. कुठे गेला होतास विचारलं, तर "जरा फिरून आलो." दिवाळीचा हॉल ठरवणं, दीडशे माणसांचा फराळ, सगळ्यांचे रुसवेफुगवे हे सगळं तो करणार?

माझ्या शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, तुला माहीत आहे. गाडी शिकणाराच चालवतो. कुठे जायचं तेही पुष्कळदा त्यालाच ठरवू देते. पण समोर कालवा आला तर मी ब्रेक दाबते, आणि तेव्हा "लोकांचा कौल कालव्याकडे आहे" असं कुणी म्हणत नाही. आपण पाचजण त्यासाठीच आहोत ना? आतल्या माणसांना आतलं माहीत असतं.

परवा काकांकडे चहाला गेले होते. काका म्हणाले, "तू तर त्याच्या घरची. तूच विरोधात मत दिलंस, तर कुणी बोलायचंच नाही." मी म्हटलं, बहुतेक तसंच देईन.

ता. क. : एक विसरलेच. समर्थक म्हणतात, आशुतोष आला की मंडळात भाषणं कायमची बंद. व्याख्यानंसुद्धा. तुझ्या चौथ्या भागाचं मग काय होणार कोण जाणे.

मृदुला


वाखनिंगन,
१८ सप्टेंबर २०२५

चि. मृदुला,
आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून मी या प्रश्नाचा मुळापासून विचार करतो आहे. गुडघ्यामुळे वेळ भरपूर आहे.

मागच्या पत्रात मी थोडा घाईने लिहिलं असं आता वाटतं. 'लक्षात घेऊन' हे शब्द मी मुद्दाम निवडले होते. पुरणपोळ्यांचा भाग निमित्तमात्र होता. लक्षात घेणे म्हणजे लक्षात घेणे. पाऊस येणार हे लक्षात घेऊन आपण छत्री नेतो, पावसाचं म्हणणं मान्य करत नाही.

माझ्या क्षेत्रातलंच उदाहरण घे. बटाट्याचे नवे वाण तयार होतात तेव्हा आम्ही लोकांना ते दाखवतो आणि आवडनिवड विचारतो. लोक नेहमी गोल, गुळगुळीत, चकचकीत बटाटा निवडतात. पण त्या बटाट्यावर करपा पडेल का, हे लोकांना कसं दिसणार? ते समितीला बघावं लागतं. समिती नसती तर आज या देशात फक्त सुंदर आणि सडके बटाटे असते. आशुतोषराव गोड माणूस आहेत, पण एखाद्या संस्थेचं सांस्कृतिक आयुष्य केवळ जेवणावर उभं राहत नाही. विचार, अभ्यास, रंगीत चित्रांसह मांडलेलं ज्ञान, हे सगळं कुणी जपायचं?

तेव्हा मी माझं मत अजून राखून ठेवतो आहे. तू अभिजितला मत दिलंस तर मी तुला दोष देणार नाही. श्रीकांतरावांचा काल फोन आला होता. बऱ्याच दिवसांनी बोलणं झालं. मूळ गप्पा तब्येतीच्याच होत्या.

राजनदादा


फेल्डहोवन,
२२ सप्टेंबर २०२५

दादा,

पत्र वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाले, "हा दादा बोलत नाहीये, हा बटाटा बोलतोय." काकांनी तुला दिवाळीत व्याख्यानासाठी पूर्ण एक तास दिला, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तब्येतीच्या गप्पा म्हणे!

मला राग याचा आला, की माझंही मत तेच आहे आणि तुझ्या तोंडून ऐकल्यावर ते मला इतकं वाईट दिसलं.

काल अभिजित घरी आला होता. बरोबर लॅपटॉप. मला वाटलं, आता पाच वर्षांची योजना बघावी लागणार. तो सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "मृदुलाताई, मला यातून सोडवा. लोकांनी त्यांना निवडलंय."

मी म्हटलं, "पण तुलाही काही मतं पडली आहेत."

तो म्हणाला, "त्यात माझं नाही. मीसुद्धा आशुतोषदादांनाच दिलं."

"का रे?"

"भूक लागली होती. आणि माझ्या स्लाइड्स मलाच संपेनात."

मग माघार घे म्हटलं, तर काका म्हणतात घटनेत माघारीची सोयच नाही. म्हणजे ज्याला स्वतःलाच स्वतःचं मत नाही, त्याला आपण पाचजणांनी लोकांवर बसवायचं.

आणि परवा हे झालं. आशुतोष आणि मी यम्बो सुपरमार्केटमधून सामान घेऊन येत होतो. गाडी मी चालवत होते. तो पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "तू मला मत देणार नाहीस ना?"

मी सिग्नलकडे बघत राहिले.

तो म्हणाला, "नवरा म्हणून देऊ नकोस. तसं मला नकोच आहे. पण तुला एकदा तरी असं वाटलं का, की मला जमेल?"

मागच्याने हॉर्न वाजवला. सिग्नल हिरवा होऊन गेला होता. इथे कुणी हॉर्न वाजवत नाही दादा, तुला माहीत आहे. मी लोकांना गाडी शिकवते आणि माझ्यामागे हॉर्न वाजला.

मला भीती कसली वाटते ते तुलाच सांगते. वर्षभर त्याने किती ठिकाणी अर्ज केले, उत्तरंसुद्धा आली नाहीत. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याला कुणीतरी निवडलंय. आता तो सगळ्यांसमोर उभा राहणार, हॉल मिळणार नाही, फराळ कमी पडणार, आणि ज्या लोकांनी टाळ्या वाजवल्या तेच लोक त्याच्याकडे बघणार. ते मला बघवणार नाही. त्यापेक्षा मीच 'नाही' म्हणते. माझ्यावर रागावेल, पण पडणार तरी नाही.

मृदुला


फेल्डहोवन,
२३ सप्टेंबर २०२५

ती. राजनदादा यांस,
सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून आश्चर्य वाटेल. मृदुलाची पत्रं पेटीत टाकायला दर वेळी मीच जातो, तेव्हा तुम्हा दोघांचा पत्रव्यवहार चालू आहे हे मला माहीत आहे. आत काय आहे ते माहीत नाही, पण विषय कोण आहे त्याचा अंदाज येतो.

मला मत द्या असं सांगायला लिहीत नाही. एक गैरसमज दूर करायचा आहे. भाषणं बंद करीन असं मी कुठेही म्हटलेलं नाही. मसालेभात गार होतोय, एवढंच म्हटलं, कारण तो होत होता. त्यानंतर तुम्हाला काय हवंय, काय करणार, हे मला आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही. ना समर्थकांनी, ना काकांनी, ना घरी. समर्थकांच्या सभेला गेलो होतो. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी मला जेवायला वाढलं.

तुमचं व्याख्यान मला हवं आहे. मागचे तिन्ही भाग मी पूर्ण ऐकले आहेत. तिसऱ्याच्या शेवटी तुम्ही करप्याला हवेतून पुढच्या शेतात जाताना सोडून दिलं होतंत, आणि वर्षभर मला त्या शेताची काळजी वाटते आहे. फक्त व्याख्यान जेवणानंतर ठेवू. लोक जास्त चांगले ऐकतील. झोपले तरी समाधानाने झोपतील.

गुडघ्याला जपा. सायकलवर बसायची घाई करू नका. सुरुवातीला सीट दोन बोटं खाली घ्या, म्हणजे दोन्ही पाय टेकतात.

आपला,
आशुतोष


वाखनिंगन,
२८ सप्टेंबर २०२५

चि. मृदुला,

हे पत्र बैठकीच्या आधी पोहोचायला हवं म्हणून तुझ्या वहिनीला आत्ताच पेटीकडे पाठवतो आहे.

आधी माझं. तुझा बटाट्याबद्दलचा टोमणा बरोबर होता. त्यावर जास्त काही बोलत नाही.

आता ऐक. आमच्या संस्थेत नीरजा नावाची मुलगी आहे, बियाण्यांवर काम करते. काल तब्येत बघायला आली होती. माझ्या टेबलावर आशुतोषरावांचं पत्र होतं. त्यांनी मला लिहिलं होतं, हे तुला माहीत नसेल. पाकिटावरचं नाव बघून ती म्हणाली, "अय्या, हे फेल्डहोवनचे सायकलवाले काका?"

मी म्हटलं, कसले सायकलवाले?

तिची बहीण कीर्ती मार्चमध्ये लग्न होऊन फेल्डहोवनला आली. नवरा दिवसभर कंपनीत. या देशात सायकल येत नसेल तर माणूस घरात कोंडलं जातं, आणि कीर्तीला येत नव्हती. एकदा दुकानाबाहेर ती रडवेली होऊन उभी होती, तेव्हा आशुतोषराव तिला म्हणाले, "शिकायचीय?" क्रीडासंकुलाच्या मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ते रोज सकाळी नव्याने आलेल्या बायकांना सायकल शिकवतात. तिथे आता कुणाच्या सासूबाई येतात, चेन्नईचं एक जोडपं येतं. नीरजा सांगत होती, कीर्ती पहिल्यांदा एकटी बाजारात जाऊन कोथिंबीर घेऊन आली, तेव्हा तिने आईला व्हिडिओ कॉल करून ती जुडी दाखवली.

मृदुला, ते फिरायला जात नव्हते. तुला वाटलं लोकांनी त्यांना अर्धं मिनिट बघितलंय. त्यातल्या कितीतरी जणींनी त्यांना रोज बघितलंय, आपल्यामागे धावताना. भाताला मत देणारे असतीलही. पण बाकीच्यांना आशुतोषराव चांगले माहीत होते. आतली माणसं म्हणून आपण पाचजण मिरवतो, आणि त्यातली सगळ्यात आतली तू.

त्यांनी तुला का सांगितलं नाही, ते मला ठाऊक नाही. तूच विचार.

माझं मत आशुतोषरावांना. हे पत्र बैठकीत दाखव. फक्त बटाट्याचा भाग वाचू नकोस.

राजनदादा


फेल्डहोवन,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

निकाल तुला फोनवर कळलाच आहे, पण तिथे काय झालं ते कुणी धड सांगितलं नसेल.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी आशुतोष भांडी लावत होता. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

त्याला कळलं कशाबद्दल ते. म्हणाला, "तुझं रीतसर स्कूल आहे. परवाना आहे, गाडीवर पाटी आहे. माझ्याकडे दोन जुन्या सायकली आणि एक पंप. तू म्हणाली असतीस, नोंदणी कर, विमा काढ, हेल्मेट कुठायत."

दादा, माझ्या तोंडात नेमकं "हेल्मेट कुठायत" हेच आलं होतं. मी ते गिळलं.

"आणि," तो म्हणाला, "रोज कुणाला तरी माझा उपयोग होत होता. ते मला थोडे दिवस कुणालाही न दाखवता ठेवायचं होतं."

बैठक मंजूषाताईंकडे होती. बाहेर भिंतीवर सगळे डबे घेऊन बसले होते. काकांनी प्रास्ताविक केलं. पाचजणांची बैठक, त्यातला एक वाखनिंगनला, तरी प्रास्ताविक! मग मतं. काका अभिजितला. दत्ता म्हणाला, आशुतोषला. तुझं मत मी वाचलं. मंजूषाताई म्हणाल्या, त्यांना अनुभवी माणूस हवा, म्हणून अभिजित. दोन-दोन झाले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका तर हसतच होते.

मी म्हटलं, "आशुतोष."

काकांचं हसू तिथेच थांबलं. म्हणाले, "तुझं मत धरता येणार नाही. तू उमेदवाराची पत्नी आहेस. हितसंबंध आहेत."

मी म्हटलं, "काका, तुमच्याकडे चहाला आले तेव्हाही मी त्याचीच पत्नी होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, तू घरची आहेस म्हणून तुझं मत फार मोलाचं."

"तेव्हा तू विरोधात होतीस," काका म्हणाले. "तेव्हा हितसंबंध नव्हते."

बाहेर कुणाच्या तरी डब्याचं झाकण वाजलं. मंजूषाताईंनी चष्मा काढला. त्या शिक्षिका होत्या ना, चष्मा काढला की पूर्वी वर्ग गप्प बसायचा. म्हणाल्या, "श्रीकांत, नियम असा चालतो का? मला आशुतोष अध्यक्ष म्हणून पसंत नाही. पण हे असलं तर मला अजिबात पसंत नाही. मृदुलाचं मत बाजूला ठेवा. माझं बदला. मी आशुतोषला."

अशा रीतीने तो निवडून आला. माझ्या मताशिवाय. महिनाभर मी जे मत घेऊन रात्रंदिवस झुरले, ते शेवटी कुणाला लागलंच नाही.

बाहेर येऊन दत्ताने निकाल सांगितला. काय करावं ते समर्थकांना कळेना. टाळ्या वाजवाव्यात तर हातात डबे. आशुतोष माझ्यापाशी आला. "तू दिलंस?"

"द्यायला गेले. घेतलं नाही."

"पण दिलं असतंस?"

"हो."

त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि मग बराच वेळ विनाकारण धरून उभा राहिला.

आता कालचं सांगते, आणि हे मात्र वहिनीशिवाय कुणाला सांगू नकोस. काल शनिवारी माझा सकाळचा विद्यार्थी आला नाही, म्हणून मी पहिल्यांदाच क्रीडासंकुलाच्या मागे गेले. थंडी होती, जमिनीवर ओली पानं. मला वाटलं, दोनचार मुली असतील.

श्रीकांतकाका होते.

या देशात येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली. काकांना सायकल येत नाही, हे आपल्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. सगळीकडे बसने जातात आणि म्हणतात, मला बसमध्ये वाचायला आवडतं. काल अंगात कोट, गळ्यात मफलर, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. आशुतोषने मागून सीट धरली होती. काका हँडलवरून त्याला मंडळाच्या कारभाराबद्दल सूचना देत होते, अध्यक्षाने काय काय टाळावं ते. आशुतोष मागे धावत "हो काका, हो काका" करत होता. सायकलने जरा वेग घेतला तसे काका बोलायचे थांबले. मग नुसतं ओरडले, "सोडू नकोस हं! आशुतोष, सोडू नकोस!"

तो तर केव्हाच मागे राहिला होता, कमरेवर हात ठेवून. मला त्याने बघितलं आणि बोट ओठांवर ठेवलं. काका एकटेच पार्किंगच्या पार टोकापर्यंत गेले, मफलर मागे उडत होता, आणि मी हाक मारली नाही.

तुझी,
मृदुला